पिशवीतला व्हिडिओ

पंचवटीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर चंद्रभागाबाई आणि वाल्मीकराव बसले होते. बाईंचा मोबाइल गच्च भरलेला. नात पहिल्यांदा चालली त्याचा व्हिडिओ लेकीने पाठवलेला, पण तो काही केल्या डाउनलोड होईना, म्हणून वाल्मीकराव तो मोबाइल हातात घेऊन जुने फोटो, व्हिडिओ उडवत होते. मागच्या सीटवरच्या शेखरने कान तिकडे लावले, आणि त्यात त्याला काडीचीही लाज वाटली नाही.

"एकाच साडीचे एवढे फोटो गं?"

"दुकानात काढले होते. घेऊन कुठं दिली तुम्ही? उडवा."

"तुझ्या भावाची वास्तुशांत?"

"त्याला हात लावायचा नाही. तुमच्या बहिणीकडचं बारसं उडवा."

"बरं. आणि हा काय? नुसता अंधार! जागा सगळी यानंच खाल्लीय. उडवतो."

"अहो, तो नको! परवाच्या लग्नात फोनचा कॅमेरा पिशवीत चालू राहिला होता. दिसत नाही काही, पण ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"तुम्ही दाजींना सांगताय, घर हिनंच उभं केलं, मी नुसता नोकरीला जात होतो."

"मी? असं म्हणालो?"

"लावू का? सगळी बस ऐकेल."

"अगं, हळू बोल!"

"एकदा माझ्या तोंडावर म्हणा, मग खुशाल उडवा."

वाल्मीकराव पुन्हा मोबाइलवर बोट फिरवू लागले.

"तुझ्या मोबाइलवर माझा तो क्रिकेटचा गेम आहे ना, तो किती जागा खातो?"

"लय."

"मग उडवला. घे, आली बघ नात चालत."

"आणि तोंडावर म्हणायचं?"

"आधी नात तर बघू दे!"