उंबराच्या पाण्याला निघालेला बाजा

उत्तनच्या बसमध्ये मार्सेलिनच्या मागे दोन पोरं बसली होती. जॉयच्या मांडीवर ट्रम्पेट, इव्हानच्या गळ्यात ढोल. वसईहून गेविनच्या उंबराच्या पाण्याला वाजवायला चालली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी बाया नवऱ्याच्या अंघोळीला विहिरीचं पाणी आणतात, पण बाजा आल्याशिवाय कळशी उचलत नाहीत. गेविन मार्सेलिनचा भाचा, तीही तिकडेच निघालेली, तेव्हा तिचे कान मागेच लागले.

“जॉय, विहीर कुठाय?”

“थांब ना. फोनच्या कंपनीने जुना नकाशा काढून स्वतःचा टाकलाय. एकदम भारी हाय.”

“भारी? विहीर समुद्रात दाखवतोय!”

“मग तुझा स्वस्तातला फोन काय म्हणतोय?”

“यू-टर्न घ्या म्हणतोय.”

“जा, ड्रायव्हरला सांग!”

“निदान रस्त्यावर तरी ठेवतोय. तुझ्या फोनला नुसता भाव.”

“तुझ्या फोनमध्ये फोटो काढला तर नवरा ओळखू येत न्हाय.”

“अरे, गेविनचा फोन येतोय. बाया कधीच्या खोळंबल्यात. काय सांगू?”

“सांग, पोचलो.”

“कुठे?”

मार्सेलिनने दोनदा तोंड उघडलं, पण दोघांच्या मध्ये शब्द शिरायला फट नव्हती. विहिरीजवळचा स्टॉप आला तशी तिने ढोलाचा पट्टा धरून इव्हानला खाली ओढलं. त्याच्यामागे जॉय धडपडत उतरला.

“आंटी, काय करताय?”

भिंतीपलीकडून बायांची गाणी ऐकू आली.

“बघ, माझ्या नकाशाने बरोबर आणलं!”

“तुझ्या? माझ्या!”

“कुणाच्याही नकाशाने आणलं असू दे,” मार्सेलिनने पदर खोचला, “आता वाजवा!”