लव्हाळ्यातली शांतता

—नाही ताई, मधल्या फळीवर बसा, कडेला बसलात की नाव कलते. हां, अस्सं. तर तुम्ही विचारलंत, पलीकडच्या झाडीत बसलं की मन खरंच शांत होतं का. होतं ना, का नाही होणार? पण मला ती शांतता झाडीत नाही भेटली. ते लव्हाळं दिसतंय—तिथे. कंबरभर पाण्यात, भावाच्या मानेवर हात ठेवून. घाबरू नका हो, जुनी गोष्ट आहे.

माझ्या पाठचा तो. एका सकाळी त्याने आईला ढकललं—कशावरून? चहा गार झाला म्हणून. पायरीवरून पडली, मनगट मोडलं, हाड बाहेर आलं. मी खाली नाव बांधत होतो. तिचा आवाज ऐकला आणि हातातलं वल्हं घेऊनच धावलो. माझाही हात सुटायचाच म्हणा—बायको त्याच पायी माहेरी गेली ती गेलीच—ते असू दे. पहिला फटका खांद्यावर, दुसरा तोंडावर. दोन दात पडले. तो पाण्यात पळाला, मी मागे. केस धरले आणि डोकं खाली दाबलं. ओरबाडत होता, लाथा झाडत होता—हा वण बघा मनगटावर, त्याच्याच नखांचा. मग लाथा मंदावल्या. नुसते बुडबुडे. मग तेही नाहीत.

आणि ताई, कसं सांगू—सगळं थांबलं. एक बगळा चार हातांवर उभा, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, मासा शोधत होता. पात्यावर चतुर बसलेला, त्याचे पंख उन्हात दिसत होते. जन्मभर डोक्यात जे भणभणत होतं ते गप्प झालं. वाटलं, देव आला. शेजारी उभा आहे, इतका जवळ की त्याचा श्वास ऐकू यावा. मी कान दिला—काहीच ऐकू येईना. तेव्हा कळलं, श्वास थांबलाय तो माझ्या हाताखालच्याचा.

ओढला वर. पालथा घातला, पाठीत गुद्दे घातले, पाणी ओकला. जगला. पण जीभ जड झाली, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. मी लावतो, मीच भरवतो. आई? जिच्यासाठी वल्हं उचललं, ती मरेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

रोज दुपारी त्याला नावेत घालून लव्हाळ्यात नेतो. वल्ही वर घेतो, गप्प बसतो. बगळे येतात. शांतता येते—तीच ताई, अगदी तीच, आता कुणाला न मारता. देवाला विचारतो, त्या दिवशी तू मला अडवायला आला होतास की नुसता बघायला? भाऊ चतुर बघून हसतो, मग माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपतो. मान अशी उघडी, समोरच. आणि कधी कधी, खोटं कशाला बोलू, शांतता यायला उशीर झाला की हात आपसूक तिकडे—

आला काठ. उतरा. दगड निसरडे आहेत, जपून. न्यायला दुसरा नावाडी येईल, मी नाही येणार. काही विचारू नका आता, जा.