भामाच्या हातची ओळ

(तंजावूर. शहराचा कारभार पाहणाऱ्या एका कार्यालयात माहिती अधिकाराच्या अर्जांचं टेबल. अलीकडे निवृत्त गणित शिक्षक गोपालकृष्ण, पलीकडे अधिकारी विनुता. सकाळचे अकरा.)

विनुता : तमिळ सोडा आता, मामा. "हे काय लिहून ठेवलंय" म्हणून पुटपुटलात ना, ते कळलं मला. मीही मराठीच. ओरत्तनाडूची.

गोपालकृष्ण : अय्यो. तुला म्हणून नव्हतं, अम्मा.

विनुता : मलाच होतं. उत्तराखाली सही माझी आहे. असू दे. अडलं कुठं?

गोपालकृष्ण : मी लिहून मागितलं, की माझी बायको भामा, हिनं या कार्यालयाला दिलेल्या पत्रांच्या प्रती द्याव्यात. तुमचं उत्तर, "या नावाच्या व्यक्तीचं एकही पत्र आढळत नाही."

विनुता : नाही आढळलं, मामा. आवक रजिस्टर सगळं पाहिलं. भामा नावाची तीन माणसं निघाली. एकीचं पाण्याचं कनेक्शन, दोघींचे जन्मदाखले. पत्र एकीचंही नाही. मामींनाच विचारा ना, कुठल्या साली दिलं ते.

गोपालकृष्ण : ती आडी महिन्यात, आषाढात गेली.

विनुता : ...माफ करा. मला ठाऊक नव्हतं.

गोपालकृष्ण : तुला कसं ठाऊक असणार? अर्जात कारण लिहायचं नसतं म्हणून सांगितलं होतं, म्हणून नाही लिहिलं.

विनुता : तसं लिहायची गरज नसतेच. पण आता विचारते, अधिकारी म्हणून नाही. पत्रात काय होतं, जे तुम्हाला पाहिजे?

गोपालकृष्ण : काय होतं ते मलाही ठाऊक नाही. मला अक्षर पाहिजे.

विनुता : अक्षर?

गोपालकृष्ण : घरात तिच्या हातची एक ओळ नाही. वाणसामानाची यादीसुद्धा ती तोंडानं सांगायची, मी लिहायचो. लग्नपत्रिकांवर नावं मी घालायचो. अक्षर माझं चांगलं, म्हणून सगळं माझ्याकडंच. चव्वेचाळीस वर्षं. आता फोटो आहेत, साड्या आहेत. लिहिलेलं काही नाही.

विनुता : मग इथं पत्रं दिली म्हणून कुणी सांगितलं?

गोपालकृष्ण : शेजारच्या मंगलानं. दहाव्याच्या दिवशी बोलता बोलता म्हणाली, भामाक्का पाकीट घेऊन या कार्यालयाच्या पायऱ्या चढताना दोनदा दिसली. विचारलं तर म्हणाली, रस्त्यावरच्या दिव्याचं काम आहे.

विनुता : दिव्याचं! हे अर्जात लिहायचं ना, मामा. आम्ही नावानं शोधत बसलो. रस्ता कुठला?

गोपालकृष्ण : नंदवनम गल्ली. पश्चिमेचं टोक.

विनुता : थांबा. दिव्यांच्या फायली मागच्याच कपाटात आहेत... नंदवनम... ही. जाड आहे की. पत्रं आहेत. एक, दोन... नऊ पत्रं. पण मामा, ही सगळी एकाच माणसाची आहेत.

गोपालकृष्ण : कुणाची?

विनुता : तुमची.

गोपालकृष्ण : काय?

विनुता : एस. गोपालकृष्ण, निवृत्त शिक्षक, घर नंबर चौदा. तुम्हीच ना?

गोपालकृष्ण : मीच. पण मी या कार्यालयाला आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही.

विनुता : सही आहे.

गोपालकृष्ण : मग ती माझी नाही. बघू? नाही. माझा 'को' असा नसतो.

विनुता : म्हणजे मामींनी तुमच्या नावानं...

गोपालकृष्ण : कसं सांगू? तिचं अक्षर मी पाहिलेलंच नाही, म्हणून तर आलो. दुसऱ्या कुणी माझं नाव वापरलं असेल. थांब. दिवा लागला त्या आठवड्यात झेरॉक्सवाला प्रवीणकुमार म्हणाला होता, "सार, तुमच्या लेटरनं काम झालं." मी त्याला म्हटलं, तू माझी दुसऱ्या कुणाशी गल्लत करतोयस. तो हसला. मला वाटलं, चेष्टा करतोय.

विनुता : हे पहिलं पत्र वाचून बघा. तमिळच आहे.

गोपालकृष्ण : वाचायचा चष्मा घरी राहिला, सही ठळक म्हणून दिसली. तूच सांग. मराठीत सांग.

विनुता : "महोदय, आमच्या गल्लीच्या टोकाला दिवा नाही. मी गणिताचा शिक्षक होतो, म्हणून नेमकं सांगतो. कोपऱ्यापासून आमच्या दारापर्यंत एकसष्ट पावलं आहेत. त्यातली शेवटची चाळीस अंधारात पडतात..." मामा? काय झालं?

गोपालकृष्ण : देवळातून दारात येताना तिचे ओठ हलायचे. मी समजत होतो, नामस्मरण करते.

विनुता : म्हणजे मामीच.

गोपालकृष्ण : तीच. पुढं वाच.

विनुता : "मला स्वतःला अडचण नाही. माझ्या पत्नीला डाव्या डोळ्यानं फारसं दिसत नाही. ती मला सांगत नाही, पण मला कळतं."

गोपालकृष्ण : काय म्हटलंस?

विनुता : "ती मला सांगत नाही, पण मला कळतं."

गोपालकृष्ण : मला कळत नव्हतं.

विनुता : मामा...

गोपालकृष्ण : मला काही कळत नव्हतं, अम्मा. सांबाराची वाटी दोनदा कलंडली, तर मी म्हटलं, लक्ष कुठं असतं तुझं. हे पत्र कधीचं?

विनुता : दोन हजार सतरा.

गोपालकृष्ण : सतरा. म्हणजे सात-आठ वर्षं. दुसरी पत्रं?

विनुता : दुसऱ्यात, "माझी पत्नी पडेल म्हणून मला काळजी वाटते." तिसऱ्यात, "मी रोज तिला आणायला कोपऱ्यापर्यंत जातो, पण माझंही वय झालं." 

गोपालकृष्ण : मी एकदाही गेलो नाही. त्या वेळी बातम्या असायच्या. कोण आहे हा माणूस?

विनुता : अजून सहा पत्रं आहेत, मामा. वाचू?

गोपालकृष्ण : नको. प्रती दे. घेऊन जातो.

विनुता : तिथंच घोळ आहे. तुम्ही मागितली भामांची पत्रं, निघाली गोपालकृष्णांची. "ही माझीच पत्रं" म्हणून इथं सही करा, आत्ता झेरॉक्स देते. पण बायकोनं माझ्या नावानं सही केली म्हणून लिहिलंत, तर मला वर विचारावं लागेल. खोटी सही म्हणायची, की घरचीच म्हणायची, कुठल्या कलमात बसवायची, मला खरंच माहीत नाही. असं कधी आलेलं नाही माझ्यासमोर.

गोपालकृष्ण : सही केली की मिळणार?

विनुता : पाच मिनिटांत. कोण विचारतंय?

गोपालकृष्ण : नाही.

विनुता : का? नाव तुमचंच आहे.

गोपालकृष्ण : नाव माझं आहे. पण कोपऱ्यापर्यंत जाणारा तो माणूस मी म्हणून कसा सांगू? तिनं एवढ्या खेपा घातल्या, दिवा आणला. तेही माझ्याच खात्यात घालू?

विनुता : मग काय करू मी? थांबा... थांबा, मामा. आपण दोघंही उगाच गोंधळतोय. पत्र कुणी लिहिलं, हे तुम्ही सांगायचं कारणच काय? फाईल सरकारी आहे. कोणीही मागू शकतो. नवा अर्ज लिहा: नंदवनम गल्लीच्या दिव्याच्या फायलीतली सर्व पत्रं. बस्. भामा नको, गोपालकृष्ण नको.

गोपालकृष्ण : आणि मग?

विनुता : तीस दिवसांच्या आत प्रती घरी येतील. पण नुसती बघायला फाईल आजच मागता येते. तिथं खिडकीपाशी बसा, उजेड आहे. भिंग देते. आमच्या नटराज सारांचं आहे, ते बाहेर असले की वापरलं तर चालतं.

गोपालकृष्ण : पाय ओढत आलो, तू बसायला जागा दिलीस. बरं झालं, मराठीत पुटपुटलो.

विनुता : बसा. घाई नाही.

(गोपालकृष्ण फाईल आणि भिंग घेऊन खिडकीपाशी बसतात. दीड तास जातो.)

विनुता : मामा, एक वाजत आला. जेवून या की. फाईल कुठं जात नाही.

गोपालकृष्ण : हो.

विनुता : अजून पहिल्याच पानावर आहात?

गोपालकृष्ण : नाही. नऊही झाली. आता फक्त खालच्या ओळी बघतोय.

विनुता : सह्या? त्यात काय बघायचं?

गोपालकृष्ण : आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तुझ्या आईनंही घेतलं नसेल. भामानं चव्वेचाळीस वर्षांत एकदा घेतलं नाही, मला हाक मारायची तर 'ऐकलं का' म्हणायची. आणि इथं बघ, नऊही पानांवर आहे. पूर्ण. इनिशियलसकट.