हेमाच्या पानांचं सुतक

हेमाची आई, तिचे काका, कोळीवाड्यातली सगळी वडीलधारी मंडळी, आणि आमच्या ऑफिसची माणसं. सगळ्यांना नमस्कार.

मला बोलता येत नाहीये. एरवी येतं. जरा जास्तच येतं, ते ऑफिसातल्या भिंतींनाही माहीत आहे. आज येत नाहीये. सर म्हणाले, तू बोल. माझ्या शेजारी फोनवर बसणारा सुशील म्हणाला, तूच बोल. मी दोघांनाही नाही म्हटलं. मग सकाळी मावशींनी, म्हणजे हेमाच्या आईनं, मला पडवीत बाजूला घेतलं. म्हणाल्या, "माजे पोरीनं त्या पेटीन काय लिवलंय, ता मना कोनी नीट सांगलंच नाय. तू सांग."

पेटी म्हणजे आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर. म्हणून उभा आहे.

मी अजून रडलेलो नाही. स्मशानातही नाही. तिथे कुणीतरी मागून म्हणालं, हा दगडच दिसतो. असेन. हात धुतो तर पाणी गार आहे की गरम, कळत नाही. चहात साखर आहे की नाही, कळत नाही. असं चाललंय. त्यामुळे माझ्याकडून फार काही अपेक्षा ठेवू नका. मावशींनी विचारलंय, तेवढं सांगतो.

मावशी, आमचं ऑफिस औषधांच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर करतं. कुठलं औषध किती उरलंय, कुठल्याची मुदत कधी संपते, बिल कसं निघतं, ते कॉम्प्युटरनं सांगायचं. ते चालवायचं कसं, अडलं तर काय करायचं, हे लिहून द्यावं लागतं. पूर्वी आम्ही जाडजूड पुस्तक द्यायचो. दुकानदार ते स्टुलाच्या पायाखाली द्यायचे. मग सरांनी इंटरनेट घेतलं आणि पुस्तकाची वेबसाइट केली. कॉम्प्युटरवर उघडायची पानं. ही पानं ठेवलेली अमेरिकेतल्या एका कॉम्प्युटरवर, भाड्यानं. सरांनी पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला. पेढे वाटले.

आणि आम्ही फोनवर बसणारे काय करायचो? दुकानदाराचा फोन यायचा. त्याला म्हणायचो, थांबा हं. मग दुसऱ्या लाइनवर मोडेम, म्हणजे फोनवरून इंटरनेट जोडणारा डबा, लावायचा. तो किंचाळायचा. लाइन तुटायची. परत लावायचा. पान वरून खाली एकेक ओळ उतरायचं. तोवर दुकानदार शिव्या देऊन फोन ठेवून मोकळा.

हेमा नवीन लागलेली तेव्हा. डिप्लोमा करून आलेली. तिनं सगळ्यांसमोर सरांना विचारलं, "सर, हे लिहिलं कुणी?"

"आपणच."

"कुठे बसून?"

"इथेच. वागळे इस्टेटमध्ये."

"मग आपलंच लिहिलेलं वाचायला अमेरिकेला कशाला जायचं?"

सर हसले. म्हणाले, "अगं, जग तिकडे चाललंय."

"जाऊ दे की सर. कल्याणचा केमिस्ट कुठे चाललाय? तो लाइनवर थांबलाय ना!"

मी त्या दिवशी तिच्या प्रेमात पडलो. हे बोलायची ही जागा नाही, मला कळतं. पण कोळीवाड्यात सगळ्यांना माहीत आहे, ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, मग आज मी काय लपवू? आणि कुणापासून?

कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर आम्ही जेवणाचे डबे ठेवायचो. हेमानं डबे उतरवले, फडक्यानं तो पुसला आणि म्हणाली, वेबसाइट इथे आणायची. अख्खी. प्रत्येक पान. मग इथून वायर टाकून प्रत्येक टेबलावर द्यायची. फोन नको, लाइन नको. आपलं घर, आपली विहीर.

शुक्रवारी इस्टेटला सुट्टी असते. लेथ बंद, प्रेस बंद, त्यामुळे करंट सरळ येतो आणि फोनही मोकळे असतात. आम्ही दोघं शुक्रवारी जायचो. ती अमेरिकेतली पानं फोनवरून इकडे ओढायला. मी कशाला, ते सांगितलंच. मी डोंबिवलीहून आईला खोटं सांगून निघायचो. आईला वाटायचं, पोरगा परत कॉलेजला जायला लागला. मी सेकंड इयरला प्रॅक्टिकलच्या सरांच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलेलो, तो पडलोच. हेमाला सांगितलं तेव्हा वाटलं, वा म्हणेल. ती म्हणाली, "जर्नल पूर्ण होतं का रे?" मी म्हटलं, "नाही." म्हणाली, "मग कशाला आपटलंस? पूर्ण करून आपटायचं."

तर पानं आली. आम्ही खूश. ऑफिसात सत्यनारायण होता, सर म्हणाले, पाहुण्यांना दाखवू या. आरती सुरू झाली, आणि कुठल्याशा पाहुण्यानं कोपऱ्यातल्या पडद्यावर एक शब्द दाबला. लगेच मोडेम किंचाळायला लागला. "जय देव जय देव" आणि वरून ही किंकाळी. भटजी थांबले. सरांनी तबक हातात धरून विचारलं, "हेमा, हा कुठे फोन लावतोय?"

"अमेरिकेला, सर."

पानं आमच्या घरी आलेली, पण पानातल्या वाटा सगळ्या तिकडेच जात होत्या. एका पानावरून दुसऱ्यावर जायचं म्हटलं, की कॉम्प्युटर निघाला जुन्या पत्त्यावर. मावशी, ती तेव्हा घरी उशिरा यायची ना, तुम्ही माझ्यावर डोळे वटारायचात, ती हेच करत होती. एकेक पान उघडून त्यातली प्रत्येक वाट घरात वळवत होती. मी म्हटलं, कंटाळा येत नाही? म्हणाली, "तू गप बस, नाहीतर तुझी पण वळवीन."

वळवली असतीस तर बरं झालं असतं.

आणि मावशी, तुम्ही विचारलंत काय लिहिलंय. पानांवरचा मजकूर सरांचा, इंग्रजीतला. त्याच्या खाली हेमा आपलं लिहायची. मराठीत. फोनवर लोक जे विचारायचे, ते. "बिल आडवं छापत असेल तर घाबरू नका, कागद उलटा घातलाय." "दिवा स्टेशनजवळच्या दुकानात लाइट सारखी जाते, त्यांना आधी सेव्ह करायला सांगा, मग नमस्कार करा." एका ठिकाणी लिहिलंय, "हे काका रागावतात. रागावू द्यावं. दोन मिनिटांनी चहाला बोलावतात." असं लिहिलंय तिनं, मावशी. पानापानावर. नवीन माणूस फोनवर बसला की ते वाचायचा आणि त्याला वाटायचं, आपण एकटे नाही.

ठाण्यात तलावपाळीला एकदा मी तिला विचारलं. सरळ. ती भेळ खात होती. वेबसाइटवर अर्धवट पानाला पाटी लावतात, काम चालू आहे म्हणून. ती म्हणाली, "अरे, तू अजून अंडर कन्स्ट्रक्शन आहेस. झालास की सांग." मी चिडलो. भेळ टाकून निघालो. ती मागून ओरडली, "कागद तरी कचऱ्यात टाक!" लोक हसले. ती पण हसली.

नाही म्हणाली नव्हती. हो पण म्हणाली नव्हती. मग ताप आला. साधा ताप, ती म्हणाली. मलेरिया होता, डोक्यात गेला. संपलं. मला फोनवर सांगितलं तेव्हा मी "थांबा हं" म्हटलं. सवयीनं. आणि तसाच रिसीव्हर धरून बसलो.

आता जे सांगायचं आहे, ते मावशींना एकट्यात सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून सगळ्यांसमोर सांगतोय.

आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली. शतक बदलतंय, म्हणून साल आता चारही आकड्यांनी टाकायचं. तिची नवी पानं हेमा जायच्या आधीच तयार होती. कोपऱ्यातल्या मशीनवर चढवायची तेवढी बाकी. जुनी काढायची, नवी ठेवायची. पण हेमा गेली. आणि कुणी हात लावेना. सर स्वतः म्हणाले, "सुतक आहे. तेरावं होऊ दे." शिकलेला माणूस, कॉम्प्युटरचा इंजिनिअर, पण म्हणाला. आणि आम्ही सगळ्यांनी मान हलवली. मशीनवर हार घातला. उदबत्ती लावली. घरात नवं काही सुरू करत नाहीत, तसं तिथेही नाही करायचं. मला ते पटलं. मला वाटलं, तेराव्यापर्यंत तरी ती तिथे आहे. मावशी, तुम्हीही तेच म्हणालात. "पोर माजी त्या पेटीन हाय. तेरावं होईपरत कोनी हात नाय लावायचा."

काल कल्याणच्या एका केमिस्टचा फोन आला. त्याच्याकडे नवी आवृत्ती. सुशीलनं घेतला. त्यानं विचारलं, मुदत कशी टाकायची? सुशीलनं हेमाचं पान उघडलं. खाली तिचं लिहिलेलं, "साल दोनच आकडी टाका, बाकीचं ते समजून घेतं." सुशीलनं वाचून दाखवलं. हेमाचं होतं, म्हणून विचारही केला नाही. मी असतो तरी नसता केला.

जुन्यात ते बरोबर होतं. नव्यात चूक. नव्यानं प्रत्येक नव्या औषधाचं साल दोन हजार एकच्या जागी एकोणीसशे एक असं धरलं. दुकानातला सगळा नवा माल पडद्यावर मुदत संपलेला. केमिस्ट देवभोळा, कॉम्प्युटरवर विश्वास ठेवणारा. त्यानं फळीवरची औषधं उतरवून पोत्यात भरली. एक बाई फिट येणाऱ्या मुलाच्या गोळ्या न्यायला आलेली. तिला म्हणाला, नाहीत. फळीवर होत्या, आणि तो म्हणाला, नाहीत. ती डोंबिवलीपर्यंत दुकानं शोधत गेली. संध्याकाळी मिळाल्या. मुलगा बरा आहे. मी रात्री जाऊन बघून आलो. बरा आहे.

सुशील रडला. मी त्याच्यावर ओरडणार होतो. मग केमिस्टला फोन लावून त्या मुलाचा पत्ता घेतला.

मावशी, हेमा सगळ्यात जास्त कशावरून भांडायची माहीत आहे? मी तिचंच एक जुनं पान राहू दिलेलं, मला आवडायचं म्हणून. ती भडकली. म्हणाली, "पान नसेल तर माणूस विचारतो. चुकीचं असेल तर विश्वास ठेवतो. तुझ्या आवडीसाठी कुणाला बुडवू?" आणि माझ्यासमोर पुसलं तिनं ते. स्वतःचं लिहिलेलं. डोळ्यांची पापणी हलली नाही.

असे केमिस्ट ठाण्यापासून बदलापूरपर्यंत बसलेत. आज संध्याकाळी दुकानं उघडतील. फोन येतील. आम्ही हेमाची पानं वाचून दाखवू.

तेराव्याला अजून वेळ आहे. मला तेवढं थांबवत नाही. पण मावशी, तुमच्या शब्दाशिवाय मला हात लावायचा नाही. जुनं काढलं की तिचं लिहिलेलं तिथून जाईल. कॉपी करून कुठेतरी ठेवेन, पण ते ठेवलेलंच राहील. कुणी फोनवर वाचणार नाही. त्याला मग काय म्हणायचं, मला माहीत नाही. मला आत्ता काहीच वाटत नाहीये, म्हणूनच मी ते करू शकेन. नंतर करू शकणार नाही.

सांगा, मावशी. मी थांबतो.

काय?

… मागे ऐकू आलं नसेल. मावशी म्हणाल्या, "त्या पोराच्या आयशीला फिरवलं का रे माजे पोरीच्या लिवल्यानं? मंग काढ. आजच काढ. तिला नाय आवडायचा."

बरं.

आता सगळ्यांनी उभं राहू या. मिनिटं कुणी मोजू नका, घड्याळाकडे बघू नका. मावशी बसतील तेव्हा आपण बसू. त्यांना जेवढा वेळ लागेल, तेवढी शांतता.

मला मात्र निघायला हवं. दुकानं उघडायच्या आत वागळे इस्टेटला पोचायचंय. मी मागच्या दारानं जातो. तुम्ही डोळे मिटलेले असाल, तेव्हा जिन्यावर चपलांचा आवाज होईल. तो माझा असेल. तेवढा होऊ द्या.

हेमा, येतो.