पाच गोल लेंड्या

रबात गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात जुझा मांजर मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी टोपलीत सशाचं पिल्लू घेतलेली एक पोरगी, पलीकडे सुक्या गवताची पिशवी घेतलेला एक म्हातारा. जुझाचे कान त्या दोघांच्या बोलण्याकडे.

"काय झालंय गं पिल्लाला?"

"कालपासून लेंडी नाही, काका. आणि शी! पहाटे स्वतःचीच मऊ लेंडी खायला बघतो. मी रोज पुसून टाकते."

"अगं खुळे, ते त्याचं दुसरं जेवण! मऊ ती परत खायची, कोरडी गोल ती टाकायची. तू त्याच्या तोंडचा घास काढत होतीस. गवत घालतेस ना?"

"पाव घालते. ताजा, भट्टीतला."

"पाव! हे घे सुकं गवत, घाल पुढ्यात. तरी डॉक्टरला दाखवच."

बराच वेळ टोपलीतून गवत चघळण्याचा कुरुमकुरुम आवाज.

"काका! एक... तीन... पाच!"

"गोल?"

"गोल! कोरड्या! वाटाण्याएवढ्या!"

"जिंकलीस, पोरी! चाळीस वर्षं ससे पाळले, दर रविवारी वाइनमध्ये शिजवले. लेंडीला टाळ्या वाजवल्या त्या आजच! नाव काय याचं?"

"रविवार. आजीनं रश्श्यासाठीच आणला होता. मी लपवला."

"असं? मग येत्या रविवारी आमच्याकडेही ससा नाही, भाजीच."