खंड्याला कुठं सोडलंस?

पिंपरीच्या बसथांब्यावर साधनाच्या पुढे एक म्हातारी आणि तिचा मुलगा उभे होते. म्हातारी एकदम कडाडली.

“कुत्र्याला गावी न्हाई धाडलास? मग खंड्या हाय कुठं?”

“चाकणला, कंपनीच्या कॅन्टीनमागं सोडला. तिथं उरलंसुरलं मिळतं.”

“त्याला दिसत न्हाई, शेखर!”

“सोसायटीवाले रोज भांडायचे. मी काय करणार?”

“त्याची आई मेली तवा कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून तूच जगवलास त्याला. पुढं तुझा बाप अंथरुणाला खिळला. सगेसोयरे नाकाला रुमाल लावायचे, त्याची घाण तू काढलीस. मी समद्यांना सांगायची, पिल्लू वाढवलेल्या हाताला किळस नसती. खोटं बोलले मी!”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“ऐकू दे की!”

“चऱ्होलीची बस आली, आई. चल.”

“तू जा.” म्हातारी साधनाकडे वळली. “बाई, चाकणची गाडी कुठं लागती गं?”

साधनाने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. म्हातारी पदर खोचून तरातरा निघाली. शेखरचा एक पाय बसच्या पायरीवर, एक खाली.

“ओ भाऊ,” कंडक्टर खेकसला, “चढताय का उतरताय?”