बाळघर

शेषराव : नेमाचं नको सांगूस, सरस्वतीमाय. चार आया गेल्या, तू एकटी उरलीस. आता तरी सांग, मला जन्म कोणी दिला?

सरस्वतीबाई : पाचही जणींनी.

शेषराव : हे वामनरावांच्या कादंबरीतलं उत्तर झालं.

सरस्वतीबाई : मंग? ही वस्तीच कादंबरीतली हाय. त्यानं आधी लिवली, मंग बांधली. पाच जातीची पाच घरं आलो आमी. कोण कोणाच्या पोटचं हेच कळलं नाई, तं जात कशी इचारसान? बाळंतपणाच्या वक्ताले गडीमाणसं खामगावले धाडली. लेकरू झालं का बाळघरात. रडलं का जी जवळ असन तिनं उठावं. माहं-तुहं कराचं नाई, असा नेम.

शेषराव : नात झाली मला. बारशाला व्याही म्हणाले, कान कोणावर गेले हो पोरीचे? सगळे माझ्याकडे बघत होते. काय सांगणार? हा बघ फोटो.

सरस्वतीबाई : गोड हाय. नजर काढत जा तिची.

जहांआरा : मले दाखव बरं. माशाल्ला! तू बी असाच होता, इतुकसा. माही अम्मी दाई, तिच्याच हातावर जन्मले तुमी सारे.

शेषराव : मग तुम्हाला माहीत असेल, जहांआराखाला.

जहांआरा : अम्मीनं जबान देल्ली होती. मले काऊन इचारतं? पुष्पाबाई गेली तवा आला असता, तं तिलेच इचारलं असतं. तीन दिवस शेषा शेषा करत होती. मीच फोन लावला होता तुले.

शेषराव : माहीत आहे.

जहांआरा : काय म्हणे तू? पाच आया हायेत, कितीदा रजा काढू.

सरस्वतीबाई : राहू दे न वं, जहांआरा.

शेषराव : नाही, बोलू दे तिला. त्याच्यासाठीच तर आलो. झोप नाही येत मला. सगळ्यांची आई होती ती, म्हणून कोणाचीच नाही असं धरून बसलो. पण तीच असली तर? मले हाका मारत गेली, अन् मी... सांग न वं माय, तीच होती का?

सरस्वतीबाई : वामनराव आठवते तुले?

शेषराव : गुळपट्टी आणायचे. सगळ्यांना सारखी.

सरस्वतीबाई : सारखी. तोडताना एकेकाचं तोंड पाहे. मराच्या आदल्या दिवशी या उंबऱ्यावर येऊन बसला. म्हणे, सरस्वती, याच्यातलं माहं कोनतं? बायको तं आधीच गेली होती त्याची, तिनं बी सांगतलं नव्हतं. म्या म्हनलं, सारेच तुमचे. त्याचाच नेम त्याले देल्ला. तसाच गेला.

शेषराव : ते स्वतः विचारायला आले?

सरस्वतीबाई : अजून येते. दिवे लागले का तिथं बसते. तोंडाकडे पाह्यते माह्या.

जहांआरा : मले तं कधी दिसत नाई बाप्पा.

सरस्वतीबाई : तुले कायले दिसन? तुले थोडंच इचारलं होतं त्यानं! शेषा, इकडे ये. जवळ बस. पुष्पा नव्हती तुही माय.

शेषराव : मग कोण?

सरस्वतीबाई : मी. माह्या पोटचा हायेस तू.

शेषराव : खरं?

सरस्वतीबाई : या वयात कोणासाठी खोटं बोलू?

शेषराव : माय.

सरस्वतीबाई : रडू नको असा. आजा झाला न आता. जा, हौदावर तोंड धुऊन ये. अंधार पडून राह्यला, पाहून जाजो.

(शेषराव हौदाकडे जातो.)

जहांआरा : तुहं लेकरू तं नवव्या दिवशीच गेलं होतं, बाई. अम्मीनं बाभळीखाली नेऊन ठेवलं.

सरस्वतीबाई : हाव. बाकीच्या चौघी बी रडल्या माह्यासंगं. एकलीले रडू देल्लं नाई मले.

जहांआरा : अन् त्या पोरीचा कान? पदर सरकला का पुष्पाबाईचा दिसे, तसाच.

सरस्वतीबाई : पाह्यला म्या.

जहांआरा : सारी उमर नेम पाळला, अन् आज झूट बोलली?

सरस्वतीबाई : नेम कुठी मोडला? लेकरू रडलं का जी जवळ असन तिनं उठावं. मी जवळ होती.